गाडीला अजून चार तास आहेत

माल घेऊन झाल्यावर उरलेला वेळ नागपुरात कसा कामी लावावा?

सेलू तालुक्यातील हिंगणीसारख्या गावातून नागपूरला माल भरायला जाणाऱ्या दुकानदाराचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी लवकर निघून सेलू गाठायचे, तिथून वर्ध्याकडून येणारी एसटी धरून नागपूर. ठोक बाजाराची दुकाने उघडली की गांधीबाग, इतवारी, मस्कासाथ अशी फिरती. यादी, भाव, घासाघीस, बिल, हमाल, ट्रान्सपोर्ट. हे सारे दुपारी एक-दीडपर्यंत आटोपते. पण लगेच परतता येतेच असे नाही. एखादा माल 'चारला या, मिळेल' असे दुकानदाराने सांगितलेले असते. मालाचा टेम्पो संध्याकाळशिवाय निघत नाही. आणि लवकर निघून सेलूला पोचले तरी तिथून हिंगणीकडे जाणारी गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. थोडक्यात, तीन-चार तास हातात रिकामे उरतात.

हे तास आपले बहुतेक व्यापारी बांधव कसे घालवतात? गणेशपेठच्या बसस्थानकावर किंवा रेल्वे स्टेशनवर एखाद्या बाकावर बसून, दोन चहा घेऊन, डुलकी काढून.

व्यापाऱ्याला हिशेब सांगितला की पटतो, म्हणून हिशेबच करू. महिन्याला दोन फेऱ्या आणि दर फेरीला चार तास धरले, तर वर्षाचे ९६ तास होतात. दुकानातील कामाचा दिवस आठ तासांचा धरला, तर हे पुरते बारा दिवस झाले. वर्षातून बारा दिवस दुकान बंद ठेवा असे कुणी सांगितले तर आपण ऐकणार नाही. मात्र बाकावर बसून तेवढेच दिवस दरवर्षी खर्ची पडतात आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

हे तास शहर पाहण्यात घालवावेत, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. कुणी म्हणेल, शहर पाहणे ही हौस झाली, व्यापाराच्या पानावर तिचे काय काम? काम आहे. आज खेड्यातल्या दुकानदाराची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी राहिलेली नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर माल पाहते आणि तो घरपोच मागवते. वर्ध्याला गेले की मोठ्या दुकानात हाताने निवडून घेते. अशा वेळी गावचा दुकानदार टिकतो तो दोन गोष्टींवर. आपल्या गिऱ्हाइकाची आवड त्याला ठाऊक असते, आणि शहरात काय चालले आहे हे तो गिऱ्हाइकाच्या आधी जाणतो. यातली दुसरी गोष्ट बाकावर बसून मिळत नाही.

आधी हात मोकळे करा

पोते किंवा खोके जवळ असेल तर माणूस फिरत नाही, राखण करतो. म्हणून फिरण्याची तयारी खरेदीपासूनच करावी. जड माल ट्रान्सपोर्टकडे टाकून बिल्टी घ्यावी. बिल्टी आणि पक्की बिले एका पाकिटात घालून अंगावर ठेवावीत. हातात राहिलेले हलके सामान नेहमीच्या ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर ठेवता येते. वर्षानुवर्षे व्यवहार असलेला माणूस याला नाही म्हणत नाही. फक्त पेढी किती वाजता बंद होते हे आधी विचारून घ्यावे.

रेल्वेने जाणाऱ्यांना स्टेशनवरील सामानघराची सोय आहे. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते. एसटीने जाणाऱ्याने मात्र त्या सोयीवर विसंबू नये. ज्यांना वसुली किंवा भरणा करायचा असेल त्यांनी तो आधी उरकावा. मोठी रोकड खिशात ठेवून प्रेक्षणीय स्थळे पाहू नयेत.

दुसरी तयारी वेळेची. परतीच्या गाडीच्या वेळेतून एक तास आधीच वजा करावा. चार तास असतील तर तीनच आहेत असे समजावे. नागपूरची वाहतूक, एखादा मोर्चा, पावसाची सर, या सगळ्याचा हिशेब त्या एका तासात बसतो. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असेल तर बर्डीकडचे रस्ते अनेकदा अडवलेले असतात, तेव्हा आणखी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

दोन तास असतील तर: जुम्मा तलावाची वाट

गणेशपेठचे बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनची पूर्वेकडची बाजू यांच्या आसपासच पाहण्यासारखे इतके आहे की रिक्षाचीही गरज नाही.

स्टेशनच्या पूर्व दाराबाहेर संत्रा मार्केट. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. संत्र्याचे हंगाम दोन. आंबिया बहार पावसाळा संपता संपता सुरू होऊन हिवाळ्यात येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. घाऊक व्यवहार आता बराचसा कळमन्याच्या बाजार समितीत चालतो, पण या भागाचे नाव संत्र्याशी जोडलेलेच राहिले आहे. आपल्याच जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा भागात संत्र्याच्या बागा आहेत. तेव्हा इथे संत्री विकत घेण्यापेक्षा ती कशी निवडतात, कशी रचतात आणि कोणत्या प्रतीला काय भाव सांगतात हे पाहणे जास्त फायद्याचे.

तिथून थोड्या अंतरावर गांधीसागर तलाव. याचे जुने नाव जुम्मा तलाव, पुढे शुक्रवारी तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवारच, नाव बदलले तरी वार तोच राहिला. हा तलाव नागपूरच्या जन्माशी बांधलेला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, सुमारे १७०२ मध्ये, इथल्या बारा खेड्यांना जोडून शहर वसवले. या खेड्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. बख्त बुलंदने औरंगजेबाच्या काळात इस्लामचा स्वीकार केला होता. त्याचा वारस चांद सुलतान याने नागपूरला राजधानी केले, शहराला तटबंदी घातली आणि हा तलाव बांधला. तटबंदीचा जुम्मा दरवाजा आज महाल भागात गांधी गेट म्हणून ओळखला जातो. भोसल्यांची सत्ता त्यानंतरची, १७४३ च्या सुमाराची. नागपूर म्हटले की आपल्याला भोसलेच आठवतात, पण शहराची पहिली वीट गोंड राजाने ठेवली, हे तलावाच्या काठी उभे राहून मुलांना सांगण्यासारखे आहे.

याच परिसरात एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, त्यावरून गिरणीला नाव मिळाले. मुंबई हे कापडाचे केंद्र असताना टाटांनी नागपूर का निवडले? कापूस इथे पिकत होता, कोळसा जवळ होता आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली होती. गिरणीची जागा दलदलीची होती, ती मातीने भरून काढावी लागली. एका स्थानिक सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला, कारण ही माणसे जमिनीत सोने पुरत आहेत असे त्याला वाटले. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने काढले, अशी आठवण सांगतात. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, या गोष्टी कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी या गिरणीने सुरू केल्या. १९८६ मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आणि इमारती आहेत.

वर्ध्याच्या शेतकऱ्याचा कापूस ज्या गिरणीत सूत होत होता, त्याच जागी आज तयार कपड्यांची चकचकीत दुकाने आहेत. दुकानदाराने हे पाहावे आणि कापड कुठून येते, नफा कुणाच्या हाती राहतो, याचा थोडा विचार करावा.

मुलगा सोबत असेल तर याच भागात रमण विज्ञान केंद्र आहे. ते १९९२ मध्ये सुरू झाले. तिथे यंत्रे हाताळून पाहता येतात. शाळकरी मुलांचा दीड-दोन तासांचा वेळ सहज जातो.

चार तास असतील तर: बर्डीची बाजू

आता स्टेशनच्या पश्चिमेकडे येऊ. आजची स्टेशनची दगडी इमारत १९२५ ची. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. याच गोष्टीचे दुसरे रूप थोड्या अंतरावर झिरो माइलला दिसते. इंग्रजांच्या काळात देशाची मोजणी झाली, त्या मोजणीच्या खुणेचा हा दगडी खांब. जबलपूर, छिंदवाडा, हैदराबाद, चांदा अशा गावांची अंतरे त्यावर मैलांत कोरली आहेत. शेजारचे घोडे नंतरचे. लोक घोड्यांचा फोटो काढून परततात. व्यापाऱ्याने अंतरे वाचावीत. चारही दिशांना माल जाण्याची सोय असलेले गाव ठोक बाजार का बनते, ते त्या दगडावर लिहिलेले आहे.

जवळच गोवारी शहिदांचे स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्यांसाठी विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजातील ११४ जण चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले बरीच होती. विदर्भाच्या खेड्यांतून गुरे राखणारी ही माणसे शहरात एका दिवसासाठी आली आणि घरी परतली नाहीत. इथे दोन मिनिटे थांबावे.

सीताबर्डीचा किल्ला समोरच्या टेकडीवर आहे. इथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरचे राज्य इंग्रजांच्या मुठीत गेले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतात. इतर दिवशी तो रस्त्यावरूनच पाहावा.

बर्डीहून सिव्हिल लाइन्सकडे वळले की मध्यवर्ती संग्रहालय लागते. जुनी माणसे त्याला अजब बंगला म्हणतात. स्थापना १८६३ ची. शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, नाणी, आदिवासी जीवनाच्या वस्तू आणि पेंढा भरलेले प्राणी, असा मोठा संग्रह इथे आहे. तिकीट खिशाला जड नाही. जवळच भोसल्यांच्या वेळची महाराजबाग आहे. तिथले प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाकडे आहे. संग्रहालय आणि महाराजबाग, दोन्ही सोमवारी बंद असतात. तेव्हा सोमवारी माल भरायला जाणाऱ्यांनी ही बाजू सोडून तलावाची बाजू धरावी.

चालून दमल्यास मेट्रो आहे. ती मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. आता तिचे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट, सीताबर्डी, झिरो माइल ही स्थानके आपल्या कामाची. मेट्रो उंचावरून धावते, त्यामुळे शहर वरून पाहायला मिळते ते वेगळेच. रिक्षा करायची झाल्यास बसण्याआधी भाडे ठरवावे.

जेवण आणि नमाज

पोट रिकामे असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही. सकाळी पोचणाऱ्यांना नागपूरचे तर्री पोहे ठाऊक आहेतच. दुपारच्या जेवणासाठी स्टेशनपासून रिक्षाने काही मिनिटांवर मोमीनपुरा आहे. विणकर मोमीन समाजाची ही जुनी वस्ती. इथली जामा मशीद आणि तिच्या भोवतीची खाणावळींची रांग, यामुळे जोहरची नमाज आणि जेवण एकाच फेरीत होते. शुक्रवारी जाणाऱ्याने जुम्म्याची वेळ आधी पाहून खरेदी त्याप्रमाणे बसवावी. रमजानच्या महिन्यात दिवसा खाणावळी शांत असतात आणि मगरिबनंतर हीच वस्ती रात्रभर जागते. त्या दिवसांत संध्याकाळची उशिराची गाडी असेल तर इफ्तारची सोय इथे उत्तम.

मोमीनपुरा केवळ जेवायची जागा नाही. एका रस्त्यावर टोप्या, अत्तर, पुस्तके, तयार कपडे, भांडी, सुका मेवा अशी लहान लहान दुकाने एकमेकांना धरून कशी उभी आहेत, हे पाहावे. एक गिऱ्हाईक एका दुकानात आले तर ते पुढच्या तीन दुकानांचेही होते. आपल्याकडे शेजारचे दुकान वाढले की आपल्या पोटात दुखते. बाजार म्हणजे अनेक दुकाने एकत्र येऊन गिऱ्हाईक बोलावतात, ही गोष्ट इथे उमजते.

इतवारीचेही तेच. नागपूरचे नकाशे पाहा: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. वारांवरून वस्त्यांना नावे पडली. आठवडी बाजार भरता भरता तिथे कायमची दुकाने झाली आणि दुकानांची पेठ झाली. आपल्या भागातला आठवडी बाजार हे त्याच वाटेवरचे पहिले पाऊल आहे.

पाच-सहा तास असतील तर

अशा वेळी दूरची एकच जागा निवडावी. तीन ठिकाणी घाईने जाण्यापेक्षा एके ठिकाणी निवांत जावे.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप २००१ मध्ये खुला झाला. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे पुस्तकांची प्रचंड विक्री होते. खेड्यापाड्यांतून आलेली, मजुरी करणारी माणसे परतताना पुस्तक विकत घेऊन जातात. गरीब गिऱ्हाईक फक्त स्वस्त वस्तूच घेते, असे मानणाऱ्या दुकानदाराने हे दृश्य एकदा पाहावे.

उमरेड रस्त्यावरचे ताजबाग हे बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यामुळे प्रसिद्ध आहे. बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. सर्व धर्मांचे लोक इथे येतात. फुले, मिठाई, खेळणी, जेवण यांवर किती कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो, हे परिसरात फिरताना लक्षात येते.

कडबी चौकाजवळ नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे. मेट्रोचे कडबी चौक स्थानक जवळ असल्याने तिथे जाणे सोपे झाले आहे. सातपुड्यातून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने लाकूड, धान्य आणि माणसे नागपूरच्या बाजारात आणली. वाहतूक बदलली की बाजार कसा बदलतो, याचा हा धडा आहे.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी

शहर सगळेच पाहतात. दुकानदाराने ते पाहताना खिशात एक लहान वही ठेवावी आणि घरी परतण्याआधी तीन गोष्टी लिहाव्यात.

पहिली, आपण विकतो तीच वस्तू शहरात कशी मांडली आहे. बर्डीच्या रस्त्यावर पदपथावरचा विक्रेतासुद्धा माल रंगवार लावतो. आपल्या दुकानात नवा माल मागच्या फळीवर आणि जुनी खोकी पुढे, असे तर नाही ना?

दुसरी, लहान पुड्या आणि लहान वजने. शहरात किती वस्तू पाच-दहा रुपयांच्या मापात आल्या आहेत? रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच माप परवडते.

तिसरी, आपल्याकडे नाही पण गिऱ्हाईक विचारते अशी एक वस्तू. ती घाऊक कुठे मिळते हे विचारून पत्ता लिहून घ्यावा. लगेच घेऊ नये. पुढच्या फेरीला थोडा नमुना आणावा, खपला तर वाढवावा. नव्या वस्तूत मुद्दल अडकवण्याची घाई करू नये. दिसले ते घेतले, म्हणजे फिरणे महागात पडते. या चार तासांत खर्च करायचा तो रिक्षा, तिकीट आणि जेवणावर, मालावर नाही.

घरच्यांनाही आणा

अनेक दुकानदारांची मुले आज दुकानात बसायला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. बाप नागपूरला जातो तो पहाटे, परततो तो रात्री दमून, हातात बिले आणि तोंडात भाववाढीची तक्रार. मुलाला सोबत नेले तरी त्याला दिसतात ती गोदामे, हमालांची ओरड आणि बसस्थानकाचे बाक. मग हा धंदा त्याला का आवडावा? एका फेरीत त्याला अजब बंगल्यातील जुनी नाणी दाखवा, दुसऱ्या फेरीत एम्प्रेस मिलची जागा. व्यापार म्हणजे तराजूमागे बसणे एवढेच नव्हे, शहरे त्यावर उभी राहिली आहेत, हे त्याला कळू द्या.

घरातील स्त्रियांचेही तसेच. हिंगणीपासून नागपूर लांब नाही, पण दवाखाना आणि लग्न सोडून तिथे गेलेल्या स्त्रिया थोड्याच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या वृद्धांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास मिळाला आहे. बांगड्या, कापड, सौंदर्यप्रसाधने, स्वयंपाकघरातील वस्तू यांची निवड घरातील स्त्री दुकानदारापेक्षा अचूक करते. अर्ध्या तिकिटात असा सल्लागार दुसरा कुठे मिळणार?

हिंगणीतही कुणाचे तरी चार तास रिकामे आहेत

आता हाच विचार उलटा करून पाहू. आपण शहरात पाहुणे असतो, तसे कुणी आपल्या गावात पाहुणे असतात. हिंगणीच्या वाटेवर बोरधरण आहे आणि बोरचे जंगल आहे. १९७० मध्ये अभयारण्य झालेले हे जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगलाच्या फेऱ्या सकाळी आणि दुपारी असतात. सकाळची फेरी आटोपलेल्या किंवा दुपारच्या फेरीची वाट पाहणाऱ्या पाहुण्याकडे तेच असते जे आपल्याकडे नागपुरात असते: काही रिकामे तास, थोडी भूक आणि खर्चाची तयारी.

वर्ध्याला हा पाहुणा काय पाहतो? सेवाग्राम आश्रम, पवनारचा विनोबांचा आश्रम, आणि वेळ उरला तर मगन संग्रहालय. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या या संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने मांडली आहेत. खेड्यातील माल खेड्यातच तयार होऊन विकला जावा, हा तिथला विषय. परतताना तो वर्ध्याचा गोरसपाक घेतो, जसा नागपूरहून संत्रा बर्फी घेतो. एका शहराच्या नावाशी एक खाऊ जोडला गेला की तो खाऊ स्वतःच जाहिरात करतो.

मग हिंगणीहून तो काय नेईल? याचे उत्तर दुकानदारांनीच शोधायचे आहे. जिल्ह्यात समुद्रपूर भागातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये मानांकन मिळाले आहे. गावची तूरडाळ, जवसाची चटणी, लोणची, मोहाचे पदार्थ, घरगुती पापड अशा वस्तू स्वच्छ पुडीत, वजन आणि तारीख छापून ठेवता येतील. त्यासाठी अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून घ्यावी. पण पुडीच्याही आधी तीन गोष्टी लागतात. बसायला सावली, प्यायला चांगले पाणी आणि स्त्रियांना वापरता येईल असे स्वच्छतागृह. आपण नागपुरात ज्या गोष्टी शोधत फिरतो, त्याच पाहुणा इथे शोधतो. त्या नसतील तर त्याची गाडी हिंगणीत न थांबता सेलूकडे निघून जाते आणि त्याचे पैसेही.

पावसाळ्यात जंगलाच्या मुख्य भागातील फेऱ्या बंद असतात, म्हणजे हा धंदा बारमाही नाही. त्यावर सारे भांडवल लावण्याचा सल्ला कुणी देणार नाही. चालू दुकानाला जोड म्हणून एक फळी, एक बाक आणि एक माठ, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

पुढच्या फेरीची यादी करताना मालाच्या खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि त्यात एका जागेचे नाव लिहा. वर्षाच्या चोवीस फेऱ्यांत चोवीस जागा होतील. तोवर नागपूर ठोक भावाच्या पलीकडे ओळखीचे झाले असेल, आणि आपल्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायला भावाखेरीज आणखीही काही असेल.